नुकसान मोजले, नदी कोण मोजणार?

धाराशिव जिल्ह्याचे नाव निघताच दुष्काळ आठवावा, अशी महाराष्ट्राच्या मनाला सवय जडून गेली आहे. ही सवय निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला ती पिढी अद्याप हयात आहे. आणि २०१६ च्या एप्रिलात मांजरा धरण आटल्यामुळे शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले, ही तर काल-परवाची गोष्ट. परंतु हीच मांजरा पाचच वर्षांनी, २०२१ च्या सप्टेंबरात, अशी फुगली की धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले आणि कळंब तालुक्यातील वाकडी, सौंदणा या गावांतील माणसे हेलिकॉप्टरने उचलून आणण्याची पाळी आली. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, तुळजापूर, लोहारा, उमरगा या तालुक्यांतील काढणीस आलेले सोयाबीन पाण्यात कुजून गेले होते. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम तालुक्यांनी जे पाहिले ते त्याहूनही भयंकर होते. सीना आणि तिला मिळणारे ओढे-नाले गावांत शिरले, पुन्हा हेलिकॉप्टरे आली, दावणीला बांधलेली जनावरे दावणीलाच मेली, आणि जिच्यावर पीक उभे होते ती जमीनच कित्येक ठिकाणी खरडून वाहून गेली. सहा पावसाळ्यांत तीन वेळा! याला आता अपवाद म्हणून चालणार नाही.

प्रत्येक पुरानंतर जे होते तेही ठरून गेल्यासारखे झाले आहे. पुढारी बांधावर येतात, पंचनाम्यांचे आदेश सुटतात, हेक्टरी मदतीचे दर जाहीर होतात व त्या दरांवरून वाद माजतो. त्या मदतीचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु या सर्व धामधुमीत एक विचित्र विसंगती दृष्टीआड होते. नुकसान मोजण्याची यंत्रणा या राज्यात गावाच्या शिवेपर्यंत पोहोचलेली आहे. महसूल मंडळागणिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसविलेले आहेत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे कागदोपत्री सिद्ध होते आणि पुढचा सारा व्यवहार त्या आकड्यावर चालतो. एवंच, पाऊस मोजला जातो तो मुख्यत्वे कोणाला किती द्यावयाचे हे ठरविण्यासाठी. तोच पाऊस नदीत उतरल्यावर तिचे पाणी कोणत्या गावात, किती वाजता आणि कोणत्या पायरीपर्यंत चढणार, हे सांगणारी मोजणी मात्र त्या गावकऱ्याच्या दारापर्यंत आलेली नाही.

ती कशी यावी याचा नमुना पाहण्यासाठी परदेशी जावयास नको. सांगलीस कृष्णेवर आयर्विन पूल आहे. तेथे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असते. कोल्हापुरास पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याचे आकडे ३९ आणि ४३ असे आहेत. पावसाळ्यात या दोन शहरांतील माणूस सकाळी उठून बाजारभाव विचारावा तशी पाण्याची पातळी विचारतो. अमुक फूट झाले एवढे कळले की पाणी कोणत्या गल्लीच्या तोंडाशी आले असेल हे किराणा दुकानदाराला ठाऊक असते, आणि तो पोती वरच्या फळीवर चढवू लागतो. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, तेव्हा हे ज्ञान अपुरे पडले हे खरे. तथापि फुटांची ही भाषा तेथे पिढ्यानपिढ्या मुरलेली आहे. नदी आणि नागरिक यांच्यामध्ये एक ठरलेला संकेत आहे. मांजरा, तेरणा, सीना, बोरी, बेनीतुरा यांच्या काठी राहणाऱ्यांना असा संकेत कोणी दिलेला नाही.

त्यांच्या कानी पडते ते काय? धरणातून इतके हजार क्युसेक पाणी सोडले, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे! क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. ७०,००० क्युसेकचा आकडा घ्या. एवढा प्रवाह चोवीस तास टिकला तर सहा टीएमसी पाणी वाहून जाते, आणि मांजरा धरणाची एकूण साठवणक्षमता आठ टीएमसीहून किंचित कमी, म्हणजे २२४ दशलक्ष घनमीटर, आहे. पाऊण धरण एका दिवसात नदीतून जाणे म्हणजे काय, हे अभियंत्याला तत्काळ उमजते. पण धरणाखालच्या शेतकऱ्याने त्या आकड्याचे करावे काय? विहिरीवरची मोटार उपसून आणावी, की म्हशी सोडून द्याव्यात, की म्हातारीला घेऊन माळावरच्या शाळेत जावे? सतर्क राहा हा उपदेश झाला. ती खबर नव्हे. हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा येतो तोही उभ्या जिल्ह्याला मिळून एकच. तो आवश्यकच आहे. परंतु उमरग्याला आणि परंड्याला एकाच रंगाने रंगविणाऱ्या इशाऱ्यातून सीनेकाठच्या एखाद्या वस्तीला आपला मार्ग सापडत नाही.

शिवाय धरणाचा आकडा हा अर्धाच आकडा असतो. दरवाजांखाली नदीला मिळणारे ओढे कोणाच्या परवानगीने वाहत नाहीत. सीना-कोळेगाव धरणातून किती पाणी सोडले हे कळाले, तरी पुढे भोगावतीसारख्या उपनद्यांनी त्यात किती भर घातली हे जोडल्यावाचून खालच्या गावाचा हिशेब पुरा होत नाही. ढगफुटीसारखा पाऊस धरणाच्या खालीच झाला, तर धरणाचे दरवाजे बंद असतानाही गाव बुडू शकते.

या जिल्ह्याची भूरचनाच अशी आहे की येथे गाफील राहून चालत नाही. बालाघाटचा डोंगर जिल्ह्याचे पाणी दोन खोऱ्यांत वाटून देतो. मांजरा आणि तेरणा गोदावरीच्या वाटेने जातात. सीना आणि बोरी भीमेला मिळून कृष्णेच्या वाटेने. मांजरा शेजारच्या बीड जिल्ह्यातील पाटोद्याकडून येते, सीना अहिल्यानगरकडून. तेरणा तर याच जिल्ह्यात तेरखेड्याजवळ उगम पावते. या नद्या काही गंगा-यमुना नव्हेत. गंगेच्या पुराला उगमापासून मैदानात उतरावयास दिवस लागतात. येथे डोंगरावर सायंकाळी पडलेला पाऊस मध्यरात्री गावात असतो. नद्या आखूड आहेत, उतार आहे, आणि काळ्या जमिनीने एकदा पोटभर पाणी प्याल्यावर पुढचा प्रत्येक थेंब ओढ्याकडेच धाव घेतो. इशाऱ्याला येथे दिवस मिळत नाहीत, तास मिळतात. याचा अर्थ इशारा निरर्थक आहे असा काही जण करतात. आम्हांस तो मान्य नाही. दोन तास म्हणजे दावे सोडावयास, पोरे व म्हातारी माणसे हलवावयास, पुलावरून जाणारी एसटी अलीकडेच थांबवावयास भरपूर वेळ आहे. तो वेळ हातात असून वाया जातो, हे दुखणे आहे.

नदी मोजणे ही काही गूढ विद्या नव्हे. पुलाच्या खांबावर किंवा काठच्या पक्क्या बांधकामावर फूट अथवा मीटर दाखविणारी पट्टी रंगवावयाची, तिचे शून्य समुद्रसपाटीच्या उंचीशी जोडून घ्यावयाचे आणि एरवी दिवसातून ठरल्या वेळी, पुरात तासातासाला ती वाचावयाची, ही पहिली पायरी. पाणी किती वाहते हे जाणण्यासाठी पात्राचे आडवे भाग पाडून प्रत्येक भागाची खोली घेतात आणि पाण्याच्या जोराने फिरणाऱ्या पात्याचे यंत्र त्यात सोडतात. पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांशावर पाण्याचा जो वेग असतो तो त्या भागाचा सरासरी वेग धरतात. पाणी खोल असेल तर दोन-दशांश आणि आठ-दशांश अशा दोन ठिकाणी मोजून त्यांचा मध्य काढतात. क्षेत्रफळाला वेगाने गुणले की विसर्ग निघतो. ही यंत्रे खरी बोलतात की नाही, याची पारख १९१६ मध्ये सुरू झालेल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत होते. तेथे स्थिर पाण्याच्या लांब हौदावरून गाडा ठराविक वेगाने नेऊन यंत्र तपासतात. ऐन पुरात नाव किंवा यंत्र उतरविणे अशक्य झाले, म्हणजे तरंगणारा ओंडका किती वेळात किती अंतर कापतो ते पाहून आणि पृष्ठभागाच्या त्या वेगात सुमारे पंधरा टक्के वजावट करून काम भागवितात. अशा अनेक मोजण्यांवरून एक वक्र आखला जातो. एकदा तो तयार झाला की नुसती पातळी वाचून पाणी किती चालले आहे ते सांगता येते. आणि उलट, धरणातून अमुक पाणी सुटणार असे कळले की अमुक पुलाखाली ते किती उंच चढेल हेही सांगता येते. क्युसेकचे फुटांत भाषांतर करणारा कोश तो हाच!

या कोशाला एक दोष आहे. तो जुना होतो. पात्र बदलले की वक्र खोटा ठरतो. आमच्या नद्यांच्या पात्रांत वाळूचा उपसा करून ठिकठिकाणी खड्डे पाडलेले आहेत, काठांवर अतिक्रमणे आहेत, आणि कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांची दारे वेळेवर निघाली नाहीत की पाणी तटून एका बाजूने काठ फोडून शेतात घुसते. म्हणून मोजणी एकदाच करून फाईल बंद करणे उपयोगाचे नाही. दर पावसाळ्यानंतर पात्राचे छेद नव्याने घ्यावयास हवेत. यंत्रे आता पुष्कळ सुधारली आहेत. पुलाच्या कठड्याला बसविलेले रडार पाण्याला स्पर्शही न करता पातळी टिपते आणि उपग्रहामार्फत ती कचेरीत पोहोचविते. नाशिकच्या जलविज्ञान प्रकल्पाने कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी अशी तत्काळ माहिती देणारी व्यवस्था उभी केली आहे, ही अभिनंदनीय गोष्ट होय. परंतु कचेरीतील पडद्यावर उमटलेला आकडा आणि वस्तीवरील माणसाचे पाऊल यांमध्ये जे अंतर आहे, ते उपग्रह ओलांडू शकत नाही.

केंद्रीय जल आयोगाचे उदाहरणही उद्बोधक आहे. या देशात शास्त्रीय पद्धतीने पुराचे भाकीत वर्तविण्यास १९५८ साली दिल्लीस यमुनेवर आरंभ झाला, आणि आज आयोग देशभरात तीनशेहून अधिक ठिकाणांसाठी अंदाज देतो. मांजरेचे पाणी आयोग मोजतो ते बीदर जिल्ह्यात सायगावला. सीनेचे मोजतो ते दक्षिण सोलापुरात वडकबाळला. ही दोन्ही ठिकाणे धाराशिवच्या खालच्या अंगाला आहेत. त्यांचा उपयोग त्यांच्याही खाली राहणाऱ्यांस होतो, तो व्हावाच. पण वाशी, भूम, कळंब येथल्या माणसाच्या दृष्टीने पाहता त्याच्या अंगणातून पूर निघून गेल्यावर पुढे कोठे तरी त्याची नोंद होते, एवढाच याचा अर्थ.

येथे धरणांच्या कारभाराविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. या जिल्ह्यातील आणि शेजारची धरणे बांधली गेली ती तहान भागविण्यासाठी. पूर थोपविणे हे त्यांचे काम म्हणून कोणी योजिलेले नव्हते. साहजिकच प्रत्येक अधिकाऱ्याची ओढ मिळेल ते पाणी साठविण्याकडे असते. पाणी सोडले आणि पुढे पाऊस आला नाही तर लोक त्याला फाडून खातील हे तो जाणतो. पण २०२०, २०२१ आणि २०२५ हे तिन्ही पूर पावसाळ्याच्या उत्तरार्धात आले हे ध्यानात घ्या. २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातील वादळी पट्टा १३ ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून इकडे सरकला. २०२१ मध्ये २६ सप्टेंबरला पूर्व किनाऱ्यावर धडकलेल्या गुलाब चक्रीवादळाचे अवशेष दोनच दिवसांत आमच्या डोक्यावर आले. म्हणजे धरण काठोकाठ भरलेले असण्याच्या दिवसांतच सर्वांत मोठा पाऊस येतो, आणि मग जेवढे पाणी वरून येते तेवढे खाली सोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. वरच्या पाणलोटात नदीची मोजणी तासातासाला होत असेल तर येव्याचा अंदाज सहा तास आधी बांधता येतो, दरवाजे दिवसाउजेडी थोडे-थोडे उघडता येतात, आणि भरलेले धरण अंधाऱ्या रात्री एकाएकी मोकळे करण्याची आपत्ती पुष्कळ अंशी टळते. दुष्काळी मुलखात पाणी सोडण्याचे धैर्य अधिकाऱ्याला आकडाच देऊ शकतो.

हे धैर्य आकड्यांतून कसे येते याचा धडा या भागाला पूर्वी मिळालेला आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद शहर बुडविले, त्या वेळी हा जिल्हा त्याच संस्थानात होता. पुढच्या वर्षी विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी प्रथम पावसाचे आकडे, पाणलोटातील फुटलेल्या तलावांची संख्या आणि पुराच्या खुणा जमवून पाणी आले किती, याचा हिशेब मांडला. धरणे त्यानंतर झाली. त्यांतले एक, उस्मानसागर, ज्या निजामाच्या नावाने हा जिल्हा दीर्घकाळ ओळखला गेला त्याच्याच नावाचे आहे. नाव बदलले; पद्धत तरी उचलावी.

आणि या मातीला मोजमाप परके आहे असेही नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदी अडवून बंधारा घातला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. बोरी भरून आली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळू लागतात व महालाच्या खिडक्यांतून समोर पाण्याचा पडदा दिसतो. आज ते पाहावयास पर्यटकांची रीघ लागते. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. बोरी केव्हा भरून वाहू लागली हे नळदुर्गात कोणाला सांगावे लागत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या स्थापत्याने नदीची खबर देणारे एक साधन नकळत गावाच्या हाती दिले आहे. पर्यटनाच्या जाहिरातींत हे कधी येणार नाही, ते असो.

पुराचा विषय क्षणभर बाजूला ठेवला तरी मोजणीची गरज उरतेच. किंबहुना दुष्काळात ती अधिक भासते. कृष्णेच्या पाण्याचा तंटा बच्छावत लवादापुढे गेला, तेव्हा साऱ्या वाटपाचा पाया ठरला तो विजयवाड्यास १८९४-९५ पासून ठेवलेल्या वार्षिक प्रवाहाच्या नोंदींवर आधारलेला. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मालिकेवरून पंचाहत्तर टक्के भरवशाचे पाणी २,०६० टीएमसी ठरले आणि त्यातून महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० टीएमसी आले. दूरच्या तेलुगू मुलखात कोणी तरी रोज पाणी लिहून ठेवीत होता, म्हणून आमच्या वाट्याचा हिशेब लागला. कृष्णा खोऱ्यातून मराठवाड्याला पाणी आणण्याच्या योजनेची आशा धाराशिवकर किती वर्षे उराशी बाळगून आहेत हे सर्वश्रुत आहे. ते पाणी आल्यावर कोणत्या तालुक्याला किती मिळाले, नदीत आपोआप आलेले किती आणि उपसून आणलेले किती, हे भांडण उद्या उभे राहिल्याशिवाय राहणार नाही. ज्याच्याजवळ वही असेल त्याचे म्हणणे ऐकले जाईल.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. मांजरा, तेरणा, सीना, बोरी, बेनीतुरा आणि त्यांच्या मोठ्या ओढ्यांवर, नदीकाठच्या प्रत्येक गावाजवळच्या पुलाला किंवा बंधाऱ्याला पातळीची पट्टी हवी, आणि तिच्यावर त्या गावापुरती इशाऱ्याची व धोक्याची रेघ हवी. धरणावरून निघणाऱ्या प्रत्येक संदेशात क्युसेकच्या जोडीला त्या रेघेच्या भाषेत पाण्याची अपेक्षित उंची आणि वेळ द्यावी. वरच्या तालुक्यातील पातळी खालच्या तालुक्याला थेट कळावी; ती जिल्हाधिकारी कचेरीला वळसा घालून येता कामा नये. सीनेसाठी अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि सोलापूर या चार जिल्ह्यांचा एकच नियंत्रण कक्ष पावसाळ्यापुरता तरी असावा, कारण नदीला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते आणि अधिकाऱ्यांना तेवढीच ठाऊक असते. निळ्या आणि लाल पूररेषा, म्हणजे पंचवीस व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषा, शहरांच्या नकाशांत आखतात तशा या गावांच्या गावठाणांतही आखल्या जाव्यात.

खर्चाची सबब पुढे येईल. रडारला खर्च येतो, ते टप्प्याटप्प्याने बसवावेत. पण रंगविलेल्या पट्टीला रंगाचा डबा, एक सर्वेक्षक आणि दोन दिवस एवढेच लागते. खरा प्रश्न ती वाचणाऱ्या माणसाचा आहे. मध्यरात्री भर पावसात बॅटरी घेऊन पुलावर जाणारा कोतवाल किंवा पाटकरी यांच्यावर हे काम नुसते लादून चालणार नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांचा स्वतंत्र मोबदला, भ्रमणध्वनी आणि बदली माणूस यांची तजवीज करावी, आणि त्याने दिलेली खबर खोटी ठरली तर त्याला दोष न देण्याचे अभय द्यावे. गावातील दवंडीची जागा आता मंदिर-मशिदींच्या भोंग्यांनी घेतली आहे. पोलीस पाटलाच्या हाती तो भोंगा असावा, हे आधीच ठरवून ठेवता येते.

एक काम मात्र मंजुरीची वाट न पाहता करण्यासारखे आहे. परंडा व भूम तालुक्यांत २०२५ च्या सप्टेंबरात पाणी कोणत्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत चढले होते हे तेथील माणसांना आज नेमके आठवते. ग्रामपंचायतींनी त्या जागा विचारून घेऊन तेथे तेलरंगाची पक्की रेघ मारावी, तिच्याशेजारी तारीख लिहावी आणि पाटबंधारे खात्याच्या सर्वेक्षकाकडून तिची उंची नोंदवून घ्यावी. भिंतीवरचा चिखलाचा पट्टा दोन पावसांत धुऊन जातो.